खंडूचं हळकुंड

खंडू गेल्यापासून माझं बूड एका जागी टिकत नाही. तसं ते कधीच टिकलं नव्हतं म्हणा. सगळी नोकरी वसमत डेपोला एसटीत कंडक्टर म्हणून काढली, म्हणजे उभ्यानंच काढली. रिटायर झाल्यावर घरच्यांना वाटलं, आता हा माणूस बसेल. कशाचं काय! हे लिहायला घेतलं तेव्हापासून चारदा उठलो, एकदा अंगणातल्या नळाची तोटी उगीचच आवळून आलो, एकदा फाटकापर्यंत गेलो. बायको आतून ओरडते, "अहो, बसा की जरा! खुर्ची चावून राहिली का तुमाला?" तिला काय सांगू, खुर्ची नाही चावत. डोक्यात एक पोरगं अनवाणी पळून राहिलंय, अन् ते थांबेपर्यंत मलाही बसता येत नाही.

आमचं गाव औंढ्याच्या डोंगराखाली, वसमतच्या वाटेवर. घरात अप्पा, माय आणि मी. रान थोडं, पण त्यात हळद, त्यामुळे आमच्या घरात पांढरं असं काही राहतच नसे. अप्पांचं धोतर पिवळं, मायची नखं पिवळी, उंबरा पिवळा, दारातलं कुत्रंसुद्धा उन्हाळ्यात पिवळं व्हायचं. हळद शिजायला लागली की त्या वाफेचा ओला, मातकट वास अंथरुणापर्यंत यायचा, आणि वाळल्यावर ती गुळगुळीत व्हायला लोखंडी पिंपात घालून फिरवायला घेतली की दिवसभर घडघड घडघड चालायची. त्या आवाजात माय मला हाका मारायची अन् मी ऐकू न आल्याचं सोंग करून खंडूकडं पळायचो. खंडूचं घर गावाच्या कडेला, धनगरांच्या आळीत. पण ते घर म्हणजे नुसतं पावसाळ्यापुरतं. दिवाळी झाली की त्याचा बाप बिराजीमामा मेंढरं बाहेर काढायचा. घोड्यावर बाज, बाजेवर भांडी, भांड्यांवर कोंबड्यांची डालगी, अन् मागं खंडू. मृगापर्यंत मग ते कळमनुरीकडं, वारंग्याच्या फाट्यापल्याड, कुठं कुठं फिरायचे. खंडूची शाळा दिवाळीला संपायची. तरी गुरुजी त्याला पास करायचे, कारण हिशेबात तो माझ्या पुढं होता. मी नापास व्हायच्या लायकीचा असून रोज शाळेत बसायचो!

फुटबॉल आमच्याकडं कोणाला ठाऊक होता? कबड्डी होती, खोखो होता, लाकडाच्या फळीनं क्रिकेट होतं. नवे खेळाचे सर आले आणि त्यांनी शाळेचं बंद कपाट उघडलं. आत सरकारातून आलेलं सामान पडून होतं, त्यात एक बसलेला बॉल. जाळी उंदरांनी खाल्लेली. सरांनी तो बॉल सायकलवाल्याकडून फुगवून आणला आणि म्हणाले, "हाताला लागू द्यायचा नाही." आम्ही म्हटलं, मग काय डोक्याला लावायचा? सर म्हणाले, "हो!" सगळी पोरं खोखो हसली. खंडू मात्र हसला नाही. तो बॉलकडं असा बघत होता जसं काही कोणी त्याला नवं कोकरू दाखवलंय.

खेळायला सपाट जागा म्हणजे गावात एकच, आमचं हळद वाळवायचं खळं. चोपून, सारवून गुळगुळीत केलेलं. हळदीचा हंगाम नसला की ते मोकळं असायचं, पण मातीत हळदीचा भुगा मुरलेला. महिनाभरात बॉल पिवळा झाला, आमचे पाय घोट्यापर्यंत पिवळे झाले. माय चुलीपुढून ओरडायची, "मेल्यांनो, त्या खळ्यावर लक्ष्मी वाळती, अन् तुमी तिथं लाथा मारून राहिले!" अप्पा ऐकायचे अन् बिडी ओढत राहायचे. आणि ओरडून झालं की मायच खंडूला हाक मारून अंबाडीची भाजी अन् गरम भाकरी वाढायची. भाजीवर कच्चं तेल जास्तच घालायची त्याला. मला राग यायचा.

खंडू खेळायचा म्हणजे काय करायचा, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. आम्ही सगळे बॉलच्या मागं माशांसारखे घोंगावत पळायचो आणि तो भलत्याच ठिकाणी जाऊन एका पायानं दुसरा पाय खाजवत उभा राहायचा. थोड्या वेळानं बॉल आपसूक त्याच्यापाशीच यायचा. मी चिडून विचारलं तर म्हणाला, "नाग्या, मेंढरू बाहेर निघालं की त्याच्या मागं पळायचं नसतंय गड्या. ते जिथं जाणार हाय, तिथं आधी जाऊन हुबं राहायचं." एवढंच त्याचं शास्त्र. सरांनी आम्हाला कलकत्त्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या, की तिथं एका मॅचला आख्ख्या हिंगोलीपेक्षा जास्त माणूस जमतं. आमच्या लेखी कलकत्ता नांदेडच्या थोडं पुढं होतं. ओढ्याच्या काठावर पडून आम्ही ठरवून टाकलं, की दोघांनीही तिथंच खेळायचं, एकाच टीममध्ये. खंडूला एकच शंका होती. "तिथं बाभळी हाईत का रं?" मी म्हटलं, शहरात कशाला असतील बाभळी? त्यानं सुस्कारा सोडला. "मग बेस. काटा न्हाई तं ब्लॅडर फुटणार न्हाई."

त्या साली दिवाळी झाली, मेंढरं गेली, खंडू गेला, आणि मग सरांनी सांगितलं की हिंगोलीला पोरांची निवड आहे. निवडलेल्या पोराला सरकार वसतिगृहात ठेवणार. जेवण, शाळा, बूट सगळं त्यांचं, पोरानं फक्त खेळायचं. मी त्या रात्री जेवलोच नाही. अशी संधी आणि खंडू कुठल्या रानात! त्या आठवड्यात मी घरात, शाळेत, खळ्यावर नुसता येरझाऱ्या घालत होतो. अप्पा म्हणाले, "ह्याच्या पायाला काय मुंग्या डसल्या का?" शेवटी औंढ्याच्या बाजारात तो मला सापडला. आईबरोबर मीठ-मिरची न्यायला आला होता. मी त्याला देवळाच्या बाजूला ओढत नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यानं मिठाची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "बा सोडायचा न्हाई. मेंढरं जिथं, तिथं मी." मी म्हटलं, "अरं, एका दिवसाचं तं काम हाय!" तो खालचा ओठ चावत राहिला आणि मग त्याचे डोळे एकदम चमकले. "मेंढरंच तुमच्या रानात आली तं?"

आमच्याकडं मेंढरं रानात बसवायची म्हणजे मोठी गोष्ट. लेंडीखतानं पुढचं पीक जोमानं येतं, म्हणून शेतकरी धनगराला बोलावणं धाडतो. आमच्या चार हळदीच्या गावांत त्या बोलावण्याबरोबर एक हळकुंड द्यायची रीत होती. हळकुंड हातात पडलं की शब्द पक्का. मग धनगर वाट वाकडी करून येणार, आणि शेतकऱ्यानं वेळेला नाही म्हणायचं नाही. ते पापच. खंडूनं सदऱ्याच्या खिशातून एक हळकुंड काढलं. आमच्या खळ्यावर कधीतरी सापडलेलं, तो ते बरोबर बाळगायचा, का तर त्याला बॉलचा वास येतो म्हणून. मला म्हणाला, "म्या बाला सांगतो, नागूच्या अप्पानं धाडलंय." मी म्हटलं, "येडा झाला का? अप्पा मारतील!" तो म्हणाला, "मला मारतील. तुला न्हाई." आणि मिठाची पिशवी खांद्यावर टाकून गर्दीत गेलासुद्धा.

निवडीच्या आदल्या दिवशी दिवस कलताना डोंगराच्या अंगाला धूळ उठली. पाठोपाठ घंटांचा आवाज, मेंढरांचं बें बें, आणि बिराजीमामाची जीभ वळवून काढलेली ती र्र्र्र हाक. अप्पा दारात बैलांना कडबा टाकत होते. बिराजीमामा आला, घोंगडी सावरली, ते हळकुंड ओट्यावर ठेवलं अन् म्हणाला, "रामराम पाटील. तुमचं हळकुंड आलं, आमी आलो." अप्पा पाटीलबिटील नव्हते, पण त्याची बोलायची पद्धत तशी होती. अप्पांनी हळकुंड उचललं. उलटं केलं. मग त्यांनी खंडूकडं बघितलं. खंडू घोड्याच्या आड उभा होता अन् त्याची हनुवटी थरथरत होती. मग माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. आत चुलीवरचं पिठलं रटरटत होतं. अप्पांनी हळकुंड बंडीच्या खिशात टाकलं आणि म्हणाले, "व्हय, मीच धाडलं व्हतं. उशीर केला बिराजी, म्या कालच वाट पाहून राहिलो व्हतो."

आज मी अप्पांच्या त्या वेळच्या वयाच्या कितीतरी पुढं आलोय, अन् तरी एवढं सहज खोटं मला कधी बोलता आलं नाही. कंडक्टरकीत कितीदा बोलावं लागलं, पण प्रत्येक वेळी कानाची पाळी लाल व्हायची.

अडचण एकच होती. सगळ्या रानात हळद उभी होती, रिकामं होतं ते ज्वारी काढलेलं ओढ्याकाठचं रान. आणि ओढ्याच्या अंगाला ज्वारीच्या जमिनीत राहिलेल्या धसांना कोवळा हिरवा फुटवा आलेला. तो फुटवा जनावरानं खाल्ला की किराळ लागते. तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं, पोट फुगतं, अन् बघता बघता जनावर आडवं. हे आमच्यात लेकरालाही ठाऊक असतं. अप्पांनी तसं स्पष्ट सांगितलं. बिराजीमामा म्हणाला, "ठावं हाय. एका कडंला मी, एका कडंला माझं पोरगं. काय बिशाद हाय मेंढराची!" त्यांच्या तीन दगडांच्या चुलीशी मीही जाऊन बसलो. खंडूच्या आईनं शेळीच्या दुधात भाकरी कुस्करून दोघांपुढं ठेवली. खंडूनं घास हातातच धरला अन् म्हणाला, "बा, उद्या हिंगोलीला जायचं हाय. सरानं बोलावलंय. खेळायला." मामा काठीचं टोक विळ्यानं तासत होता. तासतच राहिला. मान वर न करता म्हणाला, "कवा येशील?" "दिवस मावळायच्या आत." "जाय," तो म्हणाला, "पर माघारी ये." अन् परत काठी तासायला लागला.

हिंगोलीच्या मैदानावर एवढी पोरं होती की मी खंडूचा सदरा धरूनच आत शिरलो. बाहेरून आलेले निवड करणारे साहेब म्हणाले, अनवाणी चालणार नाही. माझ्याकडं कापडी बूट होते, खंडूकडं काहीच नव्हतं. माझी तुकडी आधी होती. मी खेळलो. जीव खाऊन पळालो, बॉलच्या मागं मागं, आणि बॉल माझ्या वाट्याला नीट आलाच नाही. बाहेर येऊन घामानं भिजलेले बूट काढले आणि खंडूला दिले. त्याला ते आखूड होत होते, त्यानं बोटं दुमडून घातले. मग तो मैदानात गेला अन् एका जागी उभा राहिला, आपला नेहमीसारखा, पाय खाजवत. कोणीतरी हसलं. बॉल त्याच्याकडं आला. मग परत आला. परत परत त्याच्याचकडं यायला लागला, तेव्हा साहेब खुर्चीवरून उठून उभेच राहिले. दुपारी त्यांनी निवडलेली नावं पुकारली. पहिलंच नाव, "खंडू बिराजी!" बाकीची पोरं नंतर "हजर सर" म्हणाली. हा मेंढराला हाळी द्यावी तसा सगळ्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला, "हाय!" साहेब हसले. "आहेस ना? मग राहा असाच." आठ दिवसांनी बापाला घेऊन वसतिगृहात यायचं, असं त्यांनी बजावलं. माझं नाव आलं नाही. राग आला, खरं सांगतो, एवढा आला की त्याच्या पायातले माझे बूट ओढून काढावेत असं वाटलं. मग मायनं बांधून दिलेले धपाटे सोडले, त्यानं त्यातला मोठा माझ्यापुढं सरकवला, अन् राग कुठं गेला ते कळलं नाही.

सर हिंगोलीतच मुक्कामाला राहिले. आम्ही दोघं एसटीनं परतलो. गाडी रिकामी होती, तरी खंडू बसला नाही. दांडा धरून उभा, खिडकीतून वाकून बघायचा, परत उभा, परत बघायचा. "बाला कसं सांगू रं? आधी आईला सांगू का?" मी म्हटलं, "बोंबलत सांग!" तो हसायला लागला, अन् हसतच राहिला.

फाट्यावर उतरलो तर माय ओढ्याकडं पळत होती. एका हातात ताकाची कळशी, दुसऱ्यात गूळपाण्याची. आम्हाला बघून थांबली नाही. रानात अप्पा गुडघ्यावर बसून एका मेंढीचा जबडा फाकवून धरत होते, खंडूची आई ताक ओतत होती, ताक बाहेर सांडत होतं. बांधाकडेला मेंढरं ओळीनं आडवी पडलेली. त्यात खंडूची कपाळावर पांढरा ठिपका असलेली मेंढी, जिला तो हाताशी धरून निजायचा. एका कडेला मामा होता. दुसरी कडा मोकळी राहिली. खंडूच्या आईनं धावाधाव केली, पण कळप एकदा हिरव्याला लागला की एकट्या बाईच्यानं काय आवरतो?

बिराजीमामा खड्डा खणत होता. विष लागलेलं जनावर, पुरायलाच पाहिजे. आम्हाला बघून त्यानं कुदळ थांबवली. ओरडला नाही, मारलं नाही. घाम पुसला आणि विचारलं, "निवडला का?" खंडू बांधावरच्या त्या ओळीकडं बघत होता. माझ्या तोंडात शब्द आला होता, अगदी जिभेवर. पण खंडूनं माझ्या मनगटाला धरलं, नखं रुतली, अन् तो म्हणाला, "न्हाई बा. माझं नाव न्हाई आलं." मामा थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिला. "बरं," म्हणाला, "घे ती पाटी. माती काढ." खंडूनं माझे बूट काढून माझ्या हातात दिले आणि अनवाणी खड्ड्यात उतरला.

दोन दिवसांत उरलेली मेंढरं गाव सोडून गेली. सर घरी आले, खंडूच्या बापाला भेटतो म्हणाले. अप्पांनी त्यांना ओट्यावर बसवलं अन् काय झालं ते सांगितलं. सरांनी चहा अर्धाच प्यायला. पुढल्या साली त्यांची बदली झाली. खंडू परत शाळेत आला नाही. बॉल कपाटात गेला. मी मॅट्रिकला कसाबसा पास झालो, एसटीत लागलो. माझी गाडी वारंग्याकडं जाताना कधी मेंढरं रस्त्यात आडवी यायची, अन् काठी घेऊन खंडू असायचा. मी मुद्दाम दोनदा घंटी वाजवायचो. तो काठी वर करायचा, एखादा दगड पायानं असा उडवायचा की बरोबर माझ्या दारावर टण्णकन वाजायचा. ड्रायव्हर शिव्या द्यायचा. आम्ही त्या दिवसाचं कधीच बोललो नाही. एकदा मी विषय काढला तर म्हणाला, "सोड ना लेका. तुजी गाडी लेट होऊन राहिली." या साली वारंग्याच्या फाट्याजवळ मेंढरं बसलेली असताना त्याच्या छातीत कळ आली. नांदेडला नेता नेता जीपमध्येच गेला.

तेरावा झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. बिराजीमामा अजून आहे. डोळ्यांनी अधू, पण कान शाबूत. अंगणात बाजेवर घोंगडी पांघरून बसला होता. मी पायाशी बसलो, उठलो, परत बसलो. तो म्हणाला, "नागू, काहून चुळबुळ करून राहिला? बस." मी बसलो. मग आपणच बोलायला लागला. "ते हळकुंड तुज्या बापानं धाडलं नव्हतं." मी मान वर केली. "खरबरीत व्हतं ते. पिंपात न घातलेलं. तुजा बाप शब्दाला असलं हळकुंड देईल? मला हातात घेताच कळलं व्हतं." मी म्हटलं, "मग मामा, एवढ्या लांबून काहून आलात?" तो म्हणाला, "पोराला खेळायचं व्हतं."

घरात भांड्यांचा आवाज थांबला. खंडूची बायको दाराआड येऊन उभी राहिली होती. म्हातारा घोंगडीची दशी ओढत राहिला. "खड्ड्यापाशी म्या इचारलं. तो न्हाई म्हणला. त्याचं तोंड दिसत व्हतं मला, खोटं बोलताना त्याची हनुवटी हलायची. पर मेंढरं मेली व्हती अन् मी एकटा पडलो व्हतो. तो न्हाई म्हणला अन् माझ्या जिवाला बरं वाटलं. म्हनून परत इचारलं न्हाई. जलमभर न्हाई इचारलं." मग त्यानं माझा हात चाचपून धरला. खंडूनं धरला होता तिथंच. "आता सांग. तू व्हतास. आलं व्हतं का त्याचं नाव?"

मी म्हटलं, "पहिलं आलं होतं, मामा."

"पहिलं?"

"सगळ्यात पहिलं."

"मग जोरात सांग ना," तो म्हणाला. "घरात ऐकू जाऊ दे. त्या साहेबानं कसं म्हणलं, तसं म्हण."

मी उठलो. सगळी नोकरी ओरडण्यात गेली होती. अंगणाच्या मधोमध उभा राहिलो, बंडी सारखी केली अन् जमेल तेवढ्या मोठ्यानं पुकारलं, "खंडू बिराजी!"

म्हाताऱ्यानं काठी टेकली, बाजेवरून उठून उभा राहिला, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला, "हाय!"